'हैदराबाद' नावाचं कैदी विमान

मित्रांनो, धारूरचा किल्ला तुम्ही पाहिला आहे का? बालाघाटाच्या डोंगरात, सीताफळांच्या मुलखात हा किल्ला उभा आहे. बीड जिल्ह्यातल्या मुलांनी सहलीला जाऊन त्याच्या तटावर उड्या मारल्या असतील. पण एक गोष्ट तुमच्यातल्या फार थोड्यांना ठाऊक असेल. धारूरला जुन्या काळी 'फतेहाबाद' असंही नाव होतं. फतेह म्हणजे विजय, आणि फतेहाबाद म्हणजे विजयाचं गाव!

गंमत बघा हं. गाव तेच, डोंगर तेच, माणसंही तीच. पण किल्ला जिंकणाऱ्याला वाटतं, आपला विजय सगळ्यांना दिसला पाहिजे आणि रोज कानावर पडला पाहिजे. मग तो गावाचं नावच बदलून टाकतो.

विजय दाखवण्याच्या आणखीही तऱ्हा आहेत. १७३९ साली चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई जिंकली. तिथल्या घंटा मराठे घेऊन आले आणि त्या देवळांत बांधल्या गेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातली मोठी घंटा आणि भीमाशंकरची घंटा ही त्याच विजयाची खूण मानली जाते. नीट विचार करा, घंटा वाजते तेव्हा ती फक्त देवाला जागी करत नाही, आजूबाजूच्या माणसांना 'आपण जिंकलो होतो' हेही सांगते.

विसाव्या शतकात युद्ध आकाशात पोहोचलं. मग घंटांच्या आणि तोफांच्या जागी शत्रूची विमानं आली. पकडलेलं विमान शहराच्या चौकात ठेवायचं आणि लोकांनी रांग लावून ते बघायचं, अशी पद्धत पडली. आज आपण अशाच एका पकडल्या गेलेल्या विमानाची गोष्ट ऐकणार आहोत. ते इंग्लंडमध्ये तयार झालं, फ्रान्समधून उडालं आणि जर्मनीत कैद झालं. पण त्याच्या अंगावर नाव होतं आपल्या शेजारचं, 'हैदराबाद'! आणि त्यात आपल्या धारूरचाही थोडा हिस्सा होता. कसा, ते पुढे बघा.

शेतसारा उडाला आकाशात

आजी-आजोबांना विचारलंत तर ते सांगतील, मराठवाडा पूर्वी निजामाच्या राज्यात होता. बीड जिल्हा, धारूर, अंबाजोगाई हा सगळा मुलूख हैदराबाद संस्थानात मोडायचा. इथे चालणारा रुपयासुद्धा इंग्रजांचा नव्हता, निजामाचा स्वतःचा होता. त्याला 'हाली शिक्का' म्हणत. कारभाराची भाषा उर्दू होती.

१९११ साली मीर उस्मान अली खान हे निजाम झाले. तीनच वर्षांनी, १९१४ मध्ये, पहिलं महायुद्ध पेटलं. एका बाजूला इंग्लंड, फ्रान्स आणि त्यांचे मित्र, दुसऱ्या बाजूला जर्मनी आणि त्याचे मित्र. हिंदुस्थानातल्या संस्थानिकांनी इंग्रजांना माणसं, घोडे आणि पैसे पुरवले. निजामानं दिलेल्या मदतीत एक अगदी नवलाची वस्तू होती. ती म्हणजे विमानांची अख्खी तुकडी!

ब्रिटिश हवाई दलाच्या ११० क्रमांकाच्या तुकडीची पहिली विमानं निजामाच्या देणगीतून आली. म्हणून त्या तुकडीला '११० हैदराबाद स्क्वॉड्रन' हे नाव मिळालं. प्रत्येक विमानावर इंग्रजीत रंगवलेलं होतं की, हे विमान हैदराबादच्या निजामांनी भेट दिलं आहे. आणि पुढे 'हैदराबाद' हे नाव व क्रमांक.

आता सांगा, निजामाकडे पैसा कुठून आला? निजाम जगातल्या मोठ्या श्रीमंतांपैकी एक, त्याच्याकडे हिरे-माणकं होती, हे सगळं खरं. पण राज्याच्या उत्पन्नाचा मोठा हिस्सा येत होता शेतसाऱ्यातून. म्हणजे ज्वारी, कापूस पिकवणाऱ्या शेतकऱ्याकडून. पटवाऱ्यानं वहीत आकडा मांडायचा, पाटलानं वसुली करायची आणि पैसा तालुक्यावरून पुढे जायचा. धारूरच्या शिवारातला शेतकरी बिचारा विमान म्हणजे काय हेही जाणत नव्हता. 'तुझ्या पैशातून विमान घेऊ का?' असं त्याला कोणी विचारलं नव्हतं. विमानावर नाव लागलं ते मात्र निजामाचं.

आणि ते साल कसलं होतं, हेही लक्षात ठेवा. १९१८! त्या वर्षी दख्खनमध्ये पावसानं दगा दिला. वर इन्फ्लुएंझाची साथ आली. आपल्याकडे तिला 'मानमोडी' म्हणत. गावंच्या गावं अंथरुणाला खिळली, घराघरातून माणसं गेली. इकडे ही दैना, आणि तिकडे सात समुद्रापार 'हैदराबाद' नावाची विमानं आकाशात झेपावत होती. निजामाला मात्र युद्धातल्या मदतीबद्दल इंग्रजांकडून मोठे किताब मिळाले. त्यातला एक होता 'यार-ए-वफादार', म्हणजे विश्वासू दोस्त.

लाकूड, कापड आणि धाडस

हे विमान कसं होतं? आजच्या विमानाशी तुलना केलीत तर तुम्हाला हसू येईल. त्याचं नाव डी. एच. ९ ए. एकावर एक असे पंखांचे दोन मजले, मध्ये खांब आणि तारा. सांगाडा लाकडाचा आणि वर ताणून बसवलेलं कापड. पंखांची रुंदी सुमारे १४ मीटर, लांबी सुमारे ९ मीटर. पुढे अमेरिकेत बनलेलं 'लिबर्टी' नावाचं इंजिन. त्याची ताकद ४०० घोड्यांची.

आत माणसं दोन. पुढे वैमानिक आणि त्याच्या मागे निरीक्षक. डोक्यावर छप्पर नाही! हजारो फूट उंचीवरचा बोचरा वारा सरळ तोंडावर. निरीक्षकानं नकाशा बघायचा, बाँब टाकायचे आणि मागून शत्रू आला तर मशिनगन चालवायची. खरं तर हे लढाऊ विमान नव्हे, बाँबफेकी विमान. पण शत्रूची लढाऊ विमानं घोंघावत आली की त्यालाही लढावंच लागे.

११० स्क्वॉड्रन १९१८ च्या उन्हाळ्याअखेर फ्रान्समध्ये पोहोचली. तिचं काम होतं जर्मनीत खोलवर शिरून कारखाने, रेल्वे आणि विमानतळ यांच्यावर बाँब टाकायचे. काम अतिशय धोक्याचं. एकेका मोहिमेतून काही विमानं परत येतच नसत.

५ ऑक्टोबर १९१८ रोजी अशीच एक मोहीम निघाली. तीत एफ १०१० क्रमांकाचं विमान होतं. कॅप्टन इंग्लिस ते चालवत होते आणि मागे निरीक्षक म्हणून लेफ्टनंट बॉडली बसले होते. हे विमान परत आलं नाही. त्याला शत्रूच्या हद्दीत उतरावं लागलं. दोघंही वाचले, पण युद्धकैदी झाले. आणि विमान? तेही कैदी झालं!

नशीब बघा. जेमतेम पाच आठवड्यांनी, ११ नोव्हेंबर १९१८ ला, युद्ध थांबलं. युद्ध संपल्यावर कैदी घरी जातात. हे विमान मात्र पुढची जवळजवळ साठ वर्षं परक्या देशांतच राहिलं.

बर्लिनचा विमानबाजार

पुढे १९३६ साली जर्मनीच्या राजधानीत, बर्लिनमध्ये, विमानांचं एक प्रचंड संग्रहालय उघडलं. तेव्हा जर्मनीत हिटलरचं राज्य होतं. जर्मनीची हवाई ताकद केवढी मोठी आहे, हे स्वतःच्या लोकांना आणि जगाला दाखवायचं होतं. शंभराहून जास्त विमानं तिथे मांडलेली होती. पहिल्या महायुद्धात पकडलेली शत्रूची विमानंही त्यांत होती, आणि त्यांत आपलं 'हैदराबाद'सुद्धा.

कल्पना करा, एखादा जर्मन मुलगा वडिलांचं बोट धरून आत येतो. कापडावरची ती अक्षरं बघून विचारतो, "बाबा, हे हैदराबाद म्हणजे काय?" वडिलांना तरी काय उत्तर देता आलं असतं?

१ सप्टेंबर १९३९ ला जर्मनीनं पोलंडवर हल्ला केला आणि दुसरं महायुद्ध सुरू झालं. पोलंडकडे पी. झेड. एल. पी-११ नावाची छोटी लढाऊ विमानं होती. ती जर्मन विमानांपेक्षा जुनाट आणि हळू. तरी पोलिश वैमानिक त्यांच्यातून जिवाच्या करारानं लढले. त्यांतलं एक विमान जर्मनांच्या हाती लागलं. ते त्यांनी बर्लिनला नेलं आणि याच संग्रहालयात जिंकलेली वस्तू म्हणून ठेवलं. म्हणजे १९१८ चा कैदी आणि १९३९ चा कैदी एकाच छपराखाली आले!

आता पुढची गंमत ऐका. नोव्हेंबर १९४३ मध्ये ब्रिटिश हवाई दलानं रात्रीमागून रात्री बर्लिनवर बाँब टाकले. त्यात या संग्रहालयाचीही फार मोठी हानी झाली. ज्या ब्रिटिश हवाई दलाचं हे विमान, त्याच हवाई दलाचे बाँब त्याच्या डोक्यावर पडले! उरलेली बरीच विमानं जर्मनांनी रेल्वेनं पूर्वेकडे, जिंकून घेतलेल्या पोलंडच्या हद्दीत नेऊन लपवली. त्यात हे दोघं कैदीही होते.

सहा पेन्स द्या, विमान बघा!

तुम्ही म्हणाल, हे सगळं जर्मनांचं झालं. इंग्रज काय करत होते? तर तेही तेच करत होते!

१९४० च्या उन्हाळ्यात जर्मन विमानं रोज इंग्लंडवर तुटून पडत होती. ब्रिटिश वैमानिक हरिकेन आणि स्पिटफायर विमानांतून त्यांना अडवत होते. पडलेली जर्मन 'मेसरश्मिट' लढाऊ विमानं शेतांत, समुद्रकाठी सापडत. त्यांतली बऱ्या स्थितीतली विमानं ट्रकवर घालून गावोगाव नेली जात. चौकात, बागेत विमान ठेवायचं, भोवती कठडा करायचा आणि बाहेर पेटी. सहा पेन्स टाका आणि शत्रूचं विमान जवळून बघा! जमलेला पैसा 'स्पिटफायर फंडा'त जायचा. एका स्पिटफायरची किंमत ५००० पौंड धरलेली होती. तेवढी रक्कम ज्या गावानं जमवली, त्याचं नाव नव्या विमानावर लिहिलं जाई. बायकांनी घरातली ॲल्युमिनियमची भांडी दिली, मुलांनी खाऊचे पैसे दिले.

यातली युक्ती तुमच्या लक्षात आली का? लोक रात्ररात्र तळघरात बसून काढत होते. वरून घोंघावणारा शत्रू त्यांना दिसत नव्हता, फक्त ऐकू येत होता. न दिसणाऱ्या शत्रूची भीती जास्त वाटते. पण तोच शत्रू चौकात, पंख मोडून, चिखलानं माखून पडलेला दिसला की मनातली भीती थोडी उतरते. 'अरे, हा तर पत्राच आहे! यालाही पाडता येतं!' असं वाटतं. म्हणजे एका मोडक्या विमानातून पैसाही मिळाला आणि धीरही.

असंच एक मेसरश्मिट ३० सप्टेंबर १९४० ला इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळ ईस्ट डीन इथे पोटावर घसरत उतरलं. त्याला जहाजात घालून थेट अमेरिका आणि कॅनडाला नेलं आणि मदतनिधीसाठी लोकांना दाखवलं. काम झाल्यावर मात्र ते कोणाला आठवलं नाही. कित्येक वर्षं ते कॅनडात भंगारासारखं पडून होतं. शेवटी ते परत इंग्लंडला आलं. आज ते डक्सफर्डच्या संग्रहालयात आहे आणि जसं शेतात कोसळलं होतं तसंच मांडलेलं आहे.

आणि हैदराबाद? या युद्धातही निजामाचा पैसा होताच. ब्रिटिश हवाई दलाची १५२ क्रमांकाची तुकडी 'हैदराबाद स्क्वॉड्रन' म्हणून ओळखली जाई. १९४० मध्ये ती स्पिटफायर विमानं घेऊन दक्षिण इंग्लंडचं आकाश राखत होती. तिच्या बोधचिन्हावर चक्क निजामाची पगडी होती, आणि ब्रीदवाक्य होतं 'विश्वासू दोस्त'.

पकडलेलं विमान फक्त दाखवायला?

नाही बरं का! शत्रूचं विमान धडधाकट हाती लागलं तर ते आधी चौकात जात नाही, तज्ज्ञांकडे जातं. त्याचं इंजिन, तोफा, वळण्याची ताकद, कमजोर जागा सगळं तपासलं जातं.

याचं एक मजेदार उदाहरण आहे. जून १९४२ मध्ये आर्मिन फाबर नावाचा जर्मन वैमानिक इंग्लंडवरच्या हवाई चकमकीनंतर दिशा चुकला. खाली पाणी दिसलं. त्याला वाटलं, ही इंग्लिश खाडी, म्हणजे पलीकडे आपला फ्रान्स! खरं तर ती ब्रिस्टलची खाडी होती. तो ऐटीत पलीकडे उतरला, तो वेल्समधल्या पेंब्री नावाच्या ब्रिटिश विमानतळावर! त्याचं फोके-वुल्फ १९० हे तेव्हाचं जर्मनांचं अव्वल लढाऊ विमान होतं. ब्रिटिशांना ते एक ओरखडाही न पडता फुकट मिळालं. मग त्याच्याशी कसं लढायचं, हे त्यांनी तेच विमान उडवून शिकून घेतलं.

कैदी सुटले

आता परत आपल्या 'हैदराबाद'कडे येऊ. १९४५ मध्ये युद्ध संपलं. जर्मनी हरला. पोलंडमध्ये लपवलेली विमानं पोलिश लोकांच्या हाती आली. पुढे क्राकूव्ह शहरात त्यांनी विमानांचं संग्रहालय उभारलं. १९३९ साली जर्मनांनी नेलेलं ते छोटं पी-११ तिथे दिमाखात उभं आहे. त्या जातीचं ते जगात उरलेलं एकमेव विमान. शत्रूनं पोलंडच्या पराभवाची खूण म्हणून ते जपलं, आणि त्यामुळेच ते वाचलं! आता तेच विमान पोलंडच्या शौर्याची खूण झालं आहे. विमान बदललं नाही, बघणारी माणसं बदलली.

'हैदराबाद'ची सुटका १९७७ मध्ये झाली. ब्रिटिश हवाई दलाच्या संग्रहालयानं पोलंडला एक स्पिटफायर दिलं आणि बदल्यात हे विमान घेतलं. त्याचे पंख केव्हाच नाहीसे झाले होते. ते नव्यानं बनवावे लागले. आज ते लंडनजवळ हेंडन इथल्या संग्रहालयात आहे. त्याच्या अंगावर निजामाचं आणि हैदराबादचं नाव आहे.

पण तोवर जग किती बदललं होतं! ते विमान पकडलं गेल्यानंतर तीस वर्षांनी, १७ सप्टेंबर १९४८ ला, निजामाची राजवट संपली. धारूर, बीड आणि सगळा मराठवाडा स्वतंत्र भारतात आला. तो दिवस आपण दरवर्षी मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन म्हणून साजरा करतो, शाळेत झेंडावंदन करतो. ज्याचं नाव विमानावर आहे त्याचं राज्य राहिलं नाही. ज्यांच्या घामाचा पैसा त्यात गेला, त्यांची नातवंडं-पतवंडं मात्र आज तुमच्या शेजारच्या बाकावर बसतात.

आपल्याकडचे कैदी

भारत-पाकिस्तानच्या युद्धांतही असे कैदी आहेत. दोन्हीकडे!

३ सप्टेंबर १९६५ रोजी पंजाबच्या आकाशात भारताची चिमुकली 'नॅट' विमानं आणि पाकिस्तानची विमानं यांची चकमक झाली. याच दिवशीच्या पराक्रमाबद्दल आपल्या ट्रेव्हर कीलर यांना वीरचक्र मिळालं. आपल्याकडे सगळीकडे आनंद झाला. पण त्याच चकमकीतलं एक नॅट परत आलं नाही. स्क्वॉड्रन लीडर ब्रिजपालसिंग सिकंद यांचं ते विमान पाकिस्तानात पसरूर इथल्या धावपट्टीवर उतरलं. सिकंद युद्धकैदी झाले आणि युद्धानंतर परत आले. ते नॅट आजही कराचीच्या हवाई दल संग्रहालयात आहे.

ते उतरलं का? पाकिस्ताननं सांगितलं, आमच्या स्टारफायटर विमानानं त्याला उतरायला भाग पाडलं. भारताच्या बाजूची हकिगत अशी की, विमानातली यंत्रणा बिघडली, इंधन संपत आलं आणि आपल्याच हद्दीतली धावपट्टी समजून सिकंद तिथे उतरले. विमान एक, गोष्टी दोन! कराचीतल्या मुलाला एक गोष्ट ऐकायला मिळते, आपल्याला दुसरी.

त्याच महिन्यात आपल्या सैन्यानं पंजाबात खेमकरणजवळ असल उत्तर इथे पाकिस्तानच्या 'पॅटन' रणगाड्यांचा धुव्वा उडवला. हवालदार अब्दुल हमीद यांनी जीपवरच्या तोफेनं रणगाडे फोडले आणि तिथेच वीरमरण पत्करलं. त्यांना परमवीर चक्र मिळालं. पकडलेले आणि मोडके पॅटन एका ठिकाणी इतके गोळा केले गेले की त्या जागेला लोक 'पॅटन नगर' म्हणू लागले. नंतर असे रणगाडे देशातल्या अनेक गावांत लोकांना बघायला ठेवले गेले.

धारूरच्या मुलांना असा पॅटन बघायला पंजाबात जायला नको. बीडवरून नगरची एसटी पकडा. नगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, १९९४ साली उघडलेलं लष्कराचं रणगाडा संग्रहालय आहे. देशोदेशीचे रणगाडे तिथे झाडांखाली ओळीनं उभे आहेत. त्यांत पॅटनही आहे. तुम्ही त्याच्या पोलादावर हात ठेवाल, फोटो काढाल, अभिमान वाटेल. वाटलाच पाहिजे.

पाटीवर नसलेलं

पण मित्रांनो, पुढच्या वेळी अशी वस्तू बघायला गेलात तर लगेच पुढे पळू नका. शेजारची पाटी वाचा, आणि मग पाटीवर जे लिहिलेलं नाही ते स्वतःला विचारा.

पहिला प्रश्न, यात बसलेल्या माणसाचं काय झालं? इंग्लिस आणि बॉडली कैदेत गेले, पण जिवंत राहिले. पुष्कळांच्या नशिबी तेही नसतं. रणगाडा शत्रूचा असला तरी आतल्या शिपायाची कुठेतरी आई होती.

दुसरा प्रश्न, पलीकडचे लोक याची गोष्ट कशी सांगतात? ती सगळी खरी मानायची असं नाही. पण ती ऐकल्याशिवाय आपली गोष्ट नीट तपासता येत नाही.

आणि तिसरा प्रश्न, याचे पैसे कोणी दिले? हा प्रश्न फार कमी लोक विचारतात. इंग्लंडमधल्या मुलानं पेटीत सहा पेन्स टाकले, तेव्हा ते कशासाठी हे त्याला माहीत होतं. धारूरच्या शेतकऱ्याला माहीत नव्हतं. हेंडनच्या त्या विमानावर त्याचं नाव नाही, आणि त्याच्यासाठी कोणी पाटीही लावणार नाही.

पालकांनाही एक विनंती. तुमच्या घरात जुनी पेटी, ट्रंक असेल. शेतसाऱ्याची एखादी पावती, हाली शिक्क्याचं एखादं नाणं, उर्दूतला एखादा पिवळा कागद त्यात सापडला, तर तो रद्दीत घालू नका. मुलांना दाखवा. आजोबा-पणजोबांकडून ऐकलेल्या मानमोडीच्या, दुष्काळाच्या, रझाकारांच्या आठवणी मुलांना सांगा. आणि मुलांनो, तुम्ही त्या वहीत उतरवून ठेवा, नाव-गाव-साल घालून.

लंडनमध्ये काचेमागे ठेवायला विमान लागतं. आपल्या माणसांची आठवण ठेवायला शंभर पानी वही पुरते. या रविवारी सुरुवात करताय ना?